शेरूची साखळी आणि चार अंडी

मे महिन्यातला संडे, सकाळचे सहा. नांदेडकर साखरझोपेत आणि आमची गँग विष्णुपुरीच्या बाजूला गोदाकाठी! बाबा, वहिनी, सहा वर्षांची चिनू, मी आणि शेरू.

शेरू म्हणजे मामाने लातूर जिल्ह्यातल्या जानवळहून आणलेला कारवान. चाकूर तालुक्यातलं हे गाव या कुत्र्यांसाठी फेमस. बाकीची कुत्री वासामागे जातात, हा पठ्ठ्या नजरेमागे. लांबवर काही हललं की सुसाट! पूर्वी सशाच्या शिकारीला हीच जात न्यायचे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने अशा शिकारीला चाप लावला, पण शेरूला ते सांगणार कोण?

पाण्यात खंड्याने सूर मारला, बगळे उडाले. शेरूचे कान टवकारले.

"सोड गं त्याला, पळू दे जरा," बाबा म्हणाले.

मी साखळीचा हूक काढणार, तेवढ्यात एक टिटवी कर्कश ओरडत डोक्यावरून गेली. वळून पुन्हा आली.

"आत्या, खाली बघ!" चिनू ओरडली.

दोन पावलांवर, उघड्या खड्यांमध्ये चार अंडी. रंगही अगदी खड्यांसारखाच! टिटवी झाडावर घरटं बांधत नाही, जमिनीवरच अंडी घालते. शेरू सुटला असता तर खेळ खलास.

आम्ही गुपचूप मागे सरकलो. तर दोस्तांनो, उन्हाळ्यात नदीकाठी कुत्रा नेताय? साखळी हातातच ठेवा. पळण्याची हौस कुंपणाच्या मैदानात भागवा.

लांबून पाहिलं, तर टिटवी परत अंड्यांवर बसलेली. शेरू एकटक तिच्याकडेच बघत होता. बघायला मनाई नाही, बॉस!