स्पीकर शाबूत, मग आवाज पातळ का?

लातूरच्या गंजगोलाईजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कानावरचा मोठा हेडफोन घेऊन येणारी बहुतेक मुलं नीट परीक्षेच्या तयारीसाठी शहरात राहिलेली असतात. दिवसभर अभ्यासिकेत बसून लेक्चर ऐकायची. तक्रार एकच: "काका, आवाज पातळ झालाय, स्पीकर बदलून द्या."

दुकानदार आधी मल्टिमीटर लावतो. डावीकडं 32 ओहमच्या आसपास आणि उजवीकडंही तेवढेच. कॉइल शाबूत आहे. मग तो मृदंग-झांजेचं रेकॉर्डिंग लावतो. झांज स्वच्छ ऐकू येते, पण धूम, म्हणजे मृदंगाची खर्जाची बाजू, जवळजवळ गायब. "आता दोन्ही बाजू तळहातानं कानावर दाबून धर." मुलानं दाबल्या आणि धूम भरून आली. "स्पीकरला काही झालं नाही, बाळा. कुशन गेलंय."

ते कुशन मी हातात घेऊन पाहिलं. वरच्या कृत्रिम चामड्याचे पापुद्रे निघाले होते, शिवण उसवली होती आणि आतला फोम बसून चपटा झाला होता. मराठवाड्यातला उन्हाळा आणि तासन्‌तासाचा घाम यांपुढं पॉलियुरेथेनचा तो पातळ थर फार टिकत नाही.

बंद हेडफोनमध्ये खर्जाचे स्वर कानापाशी कोंडलेल्या हवेच्या दाबावर उभे असतात. कुशनला फट पडली की तो दाब निसटतो. चष्म्याच्या काडीनं पडलेली फटही त्याला पुरते. झांजेसारखे वरचे स्वर या दाबावर फारसे अवलंबून नसतात, म्हणून ते टिकतात आणि आवाज टोचरा होतो. धुमेवर कणीक नीट बसली नाही तर मृदंग बोलत नाही, तसंच हे आहे.

नांदेडच्या बाजारातून मी त्याच मापाची मखमली कुशनं आणून लावून पाहिली. कानाला गार वाटली, पण कापडातून हवा जाते, त्यामुळं खर्ज उतरला. जाड कुशन लावलं तर स्पीकर कानापासून लांब गेला आणि गाणाऱ्याचा आवाजही मागं सरकला. 1968 साली आलेल्या झेनहायझर एचडी 414 या हेडफोनची बांधणीच उघडी होती, तरी पातळ फोम धरूनच तिचा आवाज जुळवलेला. मुद्दा हाच, की कुशन हा आवाजाच्या रचनेतला भाग आहे.

दोष खरोखर स्पीकरचा असेल तर खूण वेगळी असते. पडद्यावर केस अडकला किंवा कॉइल घासू लागली, तर खर्जावर खरखर येते आणि दाबून ती जात नाही. स्पीकरच्या मागच्या भोकांवरचा बारीक कागद निघाला तरीही खर्ज बदलतो.

याची काळजी मला मुलांच्या कानांसाठी वाटते. कुशन फाटलं की पंख्याची घरघर आत येते, बोलणं भरीव लागत नाही आणि बोट आवाज वाढवत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंतच सुरक्षित आहे. दिवसाला आठ तास लेक्चर ऐकणारा मुलगा पाच दिवसांत तिथं पोचतो, म्हणून त्याचा आवाज त्याहून कमीच हवा. तेव्हा हेडफोन टाकून देण्याआधी त्याच मॉडेलची, त्याच जाडीची कुशनं घ्यावीत, आणि घ्यावीत ती जोडीनं. एकच बदललं तर डावा-उजवा तोल जातो.