रिकामी गाडीच का घुमते?

कुपवाड एमआयडीसीच्या परिसरात जुन्या गाडीचा भाग मिळत नाही म्हणून सहसा काम अडत नाही. दुकानात नसला तर लेथवर होतो. झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगचा थर चढवून तो पुन्हा मापात आणून देणारे हात इथे आहेत, बुश तर गिऱ्हाइकाला समोर बसवून काढून देतात. ही या भागाची मोठी ताकद आहे, आणि आवाज शोधताना नेमकी तीच नडते. भाग सहज मिळतो म्हणून आधी भाग बदलला जातो. व्हील बेअरिंग बदललं, मग शाफ्टचा क्रॉस बदलला, मग सेंटर बेअरिंग. खर्च वाढत जातो आणि गाडी पन्नास-साठच्या वेगाला लागली की तीच घरघर परत सुरू.

यात एकट्या मिस्त्रीला बोल लावणं बरोबर नाही. आपण भागाचे पैसे निमूट देतो, मजुरीत घासाघीस करतो आणि ‘तासभर गाडी फिरवून आवाज शोधला’ याचे वेगळे पैसे मागितले की कपाळाला आठ्या घालतो. ऐकण्याला मोल नसेल तर मिस्त्री ऐकेल कशाला? तो भाग बदलून बघेल. जुन्या गाडीवर वाया जाणारा बराचसा पैसा इथेच जातो, असं माझं ठाम मत आहे.

मिरज पूर्व आणि कवठेमहांकाळकडचा बेदाणा कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजला येतो. त्या वाहतुकीतल्या एका जुन्या पिकअपची तक्रार मी ऐकली तेव्हा तिची दोन्ही मागची व्हील बेअरिंग आणि शाफ्टचे क्रॉस नवे कोरे होते, आवाज मात्र तसाच. या खेपेला मिस्त्रीनं पान्याला हात न लावता विचारपूस सुरू केली.

“कवा घुमतीया?”

“जाताना. पन्नासच्या पुढं गेली की सगळी केबिन घुमतीया. येताना न्हाय.”

“येताना काय आसतंय आत?”

“बेदाण्याचं बॉक्स. जाताना मोकळी.”

एवढ्या बोलण्यात निम्मं निदान झालं होतं. ते कसं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

आवाज धातूतून पळतो. मागच्या डिफरन्शियलमधला आवाज शाफ्ट आणि चासीतून पुढे येतो आणि ड्रायव्हरला वाटतं गिअरबॉक्स गेला. म्हणून ‘कुठून येतो’ हे नंतर विचारावं, आधी ‘कशाबरोबर बदलतो’ ते बघावं. गाडी जागेवर उभी करून इंजिन रेस करा. आवाज तिथेच आला तर मागच्या अ‍ॅक्सलला हात लावायचं कारण नाही. क्लच दाबल्यावर सुरू होणारी किरकिर बहुधा रिलीज बेअरिंगची असते. उलट क्लच दाबल्यावर थांबणारी घरघर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे बोट दाखवते.

जागेवर काहीच ऐकू आलं नाही तर मोकळा, सपाट रस्ता गाठायचा. एक जण गाडी चालवणारा, दुसरा मागे बसून ऐकणारा. टॉप गिअरमध्ये वेग पन्नासला स्थिर ठेवायचा आणि मग तोच वेग राखून एक गिअर उतरायचा. इंजिनचे फेरे वाढतात, चाकांचे आणि शाफ्टचे तेवढेच राहतात. आवाजाची पट्टी हलली नाही तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. पुढची परीक्षा न्यूट्रलमध्ये: धावती गाडी न्यूट्रलला टाकून आवाज राहतो की जातो ते ऐकायचं, पण इंजिन चालू ठेवूनच. इंजिन बंद केलं की ब्रेकच्या बूस्टरची आणि पॉवर स्टीअरिंगची मदत जाते, त्यामुळे हा प्रयोग उतारावर तर मुळीच करू नये. डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर पडतो. तेव्हाच घरघर वाढली तर आधी उजव्या बाजूचं बेअरिंग तपासावं. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागला आणि आवाजाचा पोत पालटला, तर संशय टायरवर. आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की घुंई, सोडला की शांत, किंवा याच्या उलट, अशी तऱ्हा डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनची.

इथे थोडं गणित करावं लागतं, आणि ते गोड आहे. 215/75 मापाचं 15 इंची टायर एका फेऱ्यात साधारण 2.2 मीटर जातं. ताशी 60 च्या वेगाला चाक सेकंदाला साडेसात फेरे घेतं. पिनियनला 10 आणि क्राऊनला 41 दात असतील तर शाफ्ट सेकंदाला 31 फेरे घेतो. शाफ्टचा तोल गेला असेल तर हादरा सेकंदाला 31 वेळा बसतो. क्रॉसच्या कोनाचा दोष असेल तर दुप्पट, म्हणजे 62 वेळा. दाताला दात लागण्याचा आवाज सेकंदाला 309 कंपनांचा, म्हणजे पेटीवर मध्य सप्तकातल्या काळी दोनच्या अगदी जवळचा. वेग 30 वर आणला की तोच स्वर बरोब्बर एक सप्तक खाली उतरतो. शेजारच्या मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्ल्या आहेत. तिथल्या कोणाला गाडीत बसवलं तर तो हा स्वर ओळखून सांगेल. कान तेवढा तयार नसेल तर फोनमध्ये ध्वनीची कंपनसंख्या दाखवणारी फुकट अ‍ॅप्स मिळतात. 31 की 62, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

ताशी 60 ला पिकअपचा आवाज 62 च्या घरातला होता. कोनात फिरणारा क्रॉस गती एकसारखी पुढे पाठवत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा ती किंचित वाढते आणि दोनदा कमी होते. कोन 10 अंशांचा असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंना दीड टक्क्याचा. कोन 5 अंशांवर आला की चढउतार निम्मा होत नाही, पावपट होतो. हा चढउतार मिटावा म्हणून शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस बसवतात. दोन्हींचे कोन सारखे आणि दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत असले की पहिल्यानं केलेली गडबड दुसरा निस्तरतो.

या गाडीच्या पाट्यात जादा वजनासाठी एक पान वाढवलेलं होतं. मोकळी असताना मागचा भाग उचललेला, शाफ्टचा कोन मोठा. बेदाणा भरला की पाटा बसतो, कोन लहान होतो आणि घुमणं विरतं. तरी कोन हा एकटाच गुन्हेगार नव्हता. मिस्त्री खाली शिरला, शाफ्टच्या सरकत्या जोडावरचा चिखल खरवडला, तारेचा ब्रश मारला, डिझेलच्या फडक्यानं पुसून घेतलं. खालून दोन बाण उमटले, एक नळीवर, एक योकवर. ते समोरासमोर हवेत, आणि होते एका दाताच्या फरकानं. अशा जोडाला 16 दात असतील तर एक दात चुकणं म्हणजे साडेबावीस अंश चुकणं. मागे कधीतरी क्रॉस बदलताना शाफ्ट निघाला आणि खूण न बघता परत सरकवला गेला. शाफ्ट काढण्याआधी रंगाचा एक ठिपका दोन्ही भागांवर मारायला क्षणभर पुरतो, आणि तेवढ्यासाठी गाडीच्या मालकानं नवी बेअरिंग विकत घेतली होती.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी, ती म्हणजे पुराचं पाणी. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात कृष्णाकाठच्या किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि त्यातल्या काही पुढे विकल्या गेल्या. गरम हाउसिंग पाण्यात बुडालं की आतली हवा थंड होऊन आकसते आणि ब्रीदरवाटे पाणी आत ओढलं जातं. तेलात ते दुधट होऊन मिसळतं. बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि आवाज काही महिन्यांनी उमटतो, तोवर पुराची आठवण कोणाला राहत नाही. जुनी गाडी घेताना डिफरन्शियलचा बोल्ट सैल करून तेलाचा रंग बघावा. विकणारा नको म्हणाला तर तो व्यवहार सोडून द्यावा.

पिकअपच्या मालकानं पाट्यातलं जादा पान काढायला नकार दिला. हंगामात वजन ओढायचंच होतं. मग बाण जुळवून शाफ्ट बसवला आणि पाटा व हाउसिंग यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून पिनियनचा कोन सुधारला. मोकळी गाडी साठला नेली, केबिन घुमेना. बिलात शोधाशोधीची मजुरी वेगळी लिहिली होती आणि मालकानं ती घासाघीस न करता दिली, हे मला फार आवडलं.

मागून एक बारीक घुंई अजून येत होती, काळी दोनच्या आसपासची. तीही काढायची का, असं मालकानं विचारलं. मिस्त्रीनं हाउसिंगमधलं तेल उतरवलं आणि चुंबकाच्या बोल्टवरचा गाळ चिमटीत चोळून पाहिला. राखाडी, लोण्यासारखा मऊ. कण टोचत नव्हते. क्राऊन आणि पिनियन जोडीनं जुळवलेले असतात, त्यांचा मेळ मोडून तो पुन्हा शिमवर बसवणं म्हणजे मोठं काम, आणि चांगली चालणारी जोडी त्यात बिघडूही शकते. त्यानं 90 नंबरचं तेल भोकाच्या काठापर्यंत भरलं, ब्रीदर फुंकून साफ केला आणि म्हणाला, “हिला हात लावायचा न्हाय. पुढच्या हंगामाआधी तेलाची लेव्हल दाखवायला या.”