मिस फरार परत आल्या. आपले शिकलेले कधी येणार?

'फर्लो' हा शब्द कानावर पडला की उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या माणसाला आधी कल्याणचे आधारवाडी जेल आठवते. कैद्याला ठरावीक दिवसांसाठी घरी सोडतात ती फर्लो, एवढेच आपल्याला ठाऊक. ज्यांच्या घरात पलटणीची नोकरी झाली त्यांना शिपायाची रजा आठवेल. पण हाच शब्द तिसऱ्या एका मंडळींतही चालत असे, ती म्हणजे परदेशी ख्रिस्ती मिशनरी. आपल्या मुलखात काही वर्षे काम करून मिशनरी काही महिन्यांसाठी मायदेशी जायचा, त्यालाही फर्लोच म्हणत. आम्ही आज या तिसऱ्या फर्लोविषयी लिहीत आहोत. कोणी म्हणेल, आपल्याला काय त्याचे? वाचकहो, आपल्याला त्याचे बरेच काही आहे.

कॅम्प पाचमध्ये बसून रजेविषयी लिहायला आणखी एक कारण आहे. ही वस्तीच मुळी तात्पुरत्या मुक्कामाची. दुसऱ्या महायुद्धात येथे सैन्याची छावणी होती. शिपाई येत, थांबत, पुढे जात. त्या बॅरेकींचे नंबर आजही लोकांच्या पत्त्यात आहेत. फाळणीनंतर त्याच बॅरेकींत सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी छावणीचे 'उल्हासनगर' झाले. त्या लोकांना रजा काढून घरी जाण्याची सोय नव्हती, कारण घरच परमुलुखात गेले होते. नंतर नगर, नाशिक, खानदेश, मराठवाड्यातून आपली माणसे आली. कोणी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले, कोणी सेंच्युरी रेयॉनमध्ये, कोणी नाका कामगार झाले. पण निघताना जो तो आईबापाला सांगून आला, 'जातो आणि येतो.' त्यातले 'जातो' तेवढे झाले. 'येतो'चे काय झाले, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आता मिशनऱ्यांकडे वळू. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, त्यांना परत धाडण्याचे हुकूम निघाले. तरी ते चिकटून राहिले. त्या पहिल्या पिढीला फर्लो ठाऊकच नव्हती. जहाजावर चढले म्हणजे आयुष्यभरासाठी चढले, अशी समजूत होती. हॉलची पत्नी दोन मुलांना घेऊन १८२५ साली अमेरिकेला निघाली, हॉल कामावर थांबला. पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात नाशिककडच्या दौऱ्यात तो पटकीने गेला. औषध नाही, विश्रांती नाही, रजा नाही. अशी माणसे पटापट मरू लागली, तेव्हा मिशनच्या धुरिणांना कळून चुकले की माणूस टिकवायचा असेल तर त्याला मधून मधून घरी पाठवावे लागेल.

याच मिशनच्या मिस सिंथिया फरार. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या. १८२७ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ही अविवाहित बाई बोस्टनहून निघाली आणि वर्षअखेरीस मुंबईला पोहोचली. त्या काळी एकट्या बाईने समुद्र ओलांडून परक्या मुलखात नोकरीला जाणे ही अमेरिकेतसुद्धा नवलाची गोष्ट होती. मुंबईत मुलींच्या शाळांचे काम त्यांच्याकडे आले. मुलगी शिकली तर विधवा होते, असे सांगणाऱ्या शास्त्री-पंडितांचा तो काळ. दहा वर्षे त्यांनी हे काम केले. १८३७ साली प्रकृती ढासळली आणि त्या मायदेशी निघाल्या.

ही निघण्याची तयारी आज आपल्याला नीट समजणार नाही. सुएझ कालवा उघडला १८६९ साली. त्याआधी शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून महिनोनमहिने जायचे. जो आजारी निघाला तो पोहोचेलच याची खात्री नाही, पोहोचला तर परत येईलच याचीही नाही. त्या परतल्या नसत्या तर कोणी त्यांना दोष दिला नसता. दहा वर्षे सेवा झाली होती, वय बेचाळीस, तब्येत बिघडलेली. गावी राहून आठवणी सांगत उरलेले आयुष्य सुखाने काढता आले असते. आडनावही पाहा कसे, 'फरार'! पण बाई फरार झाल्या नाहीत. १८३९ साली त्या परत आल्या आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवू लागल्या. १८६२ साली नगरलाच त्यांचा शेवट झाला.

आता आपला संबंध येतो. क्रांतिबा जोतीराव फुले आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्या सोबतीने नगरला गेले आणि तेथे त्यांनी मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली. पुण्याला परतल्यावर त्यांनी मुलींची शाळा काढली. साल १८४८. हे आम्ही पदरचे सांगत नाही. स्वतः जोतीरावांचे यासंबंधीचे कथन मिशनच्याच 'ज्ञानोदय' पत्रात १८५३ साली छापून आलेले आहे. म्हणजे जोतीरावांनी पाहिली ती शाळा फरारबाईंच्या पहिल्या मुक्कामातली नव्हती. ती फर्लोवरून परत आल्यानंतरची होती. १८३७ साली गेलेली बाई गेलीच असती, तर नगरात त्या दिवशी जोतीरावांना त्यांची शाळा दिसली नसती.

म्हणून काय फुले मिशनऱ्यांनी घडवले? मुळीच नाही. ही बोंब मनुवादी नेहमी मारतात आणि ती खोटी आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेत कितीतरी उच्चवर्णीय मुले शिकली, त्यातले कितीजण जोतीराव झाले? शाळा पाहणारे पुष्कळ असतात. पाहून घरी आल्यावर स्वतःच्या पत्नीला शिकवणारा, तिच्यासह दगड-शेण झेलणारा एखादाच असतो. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांनी सत्यशोधक समाज काढला. पण घेतल्याचे ऋण त्यांनी लपवले नाही. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथल्या लोकांना अर्पण केली. आणि त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी जो निबंध लिहिला, तो १८५५ साली दोन भागांत छापला कोणी? त्याच 'ज्ञानोदय'ने. आपण कृतज्ञ राहू. गहाण मात्र पडणार नाही.

कारण नाण्याला दुसरी बाजूही आहे. मिशनऱ्याला रजा होती. ज्या महारवाड्यात तो येशूची वार्ता सांगायला जात असे, त्या महाराला रजा होती काय? गावकीचा महार चोवीस तास सरकारचा आणि पाटलाचा बांधलेला. टपाल पोहोचव, सारा बोलाव, मेलेले ढोर ओढ, मयताचा सांगावा घेऊन कोसभर पळ. तो आजारी पडला तर बापाने जायचे, बाप नसेल तर घरातल्या दुसऱ्याने. मोबदला म्हणजे बलुत्याचे चार दाणे आणि वतनाचा तुकडा. १८७४ च्या वतन कायद्याने ही वेठ पक्की केली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले तेव्हा हेच दुखणे वेशीवर टांगले की, महाराच्या कामाला ना तास ठरलेले, ना माणसे ठरलेली. ही वतने कायद्याने संपायला १९५९ साल उजाडले.

आणि रजेचा हक्क आपल्याला कोणी मिळवून दिला? व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी. १९४५ च्या कारखाना कायदा दुरुस्तीने बारमाही कारखान्यात वर्षभर काम केलेल्या कामगाराला पगारी सुट्टीचा हक्क मिळाला. आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आले ते १९४६ साली. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांत ज्यांनी आयुष्य काढले त्यांनी पगारी रजेचा अर्ज भरताना ही गोष्ट किती वेळा आठवली असेल?

मिशनऱ्यांच्या कामाचा हिशेबही बाबासाहेबांनी रोखठोक मांडला होता. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिले ते लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. सरकारी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात ते १९८९ साली आले. त्यात ते सांगतात की मिशनच्या शाळा, कॉलेजे, दवाखाने यांचा मोठा लाभ वरच्या जातींनी उचलला आणि ज्या अस्पृश्याने खरोखर धर्म बदलला तो होता तेथेच राहिला; चर्चच्या आतही जात शिल्लक राहिली. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी आणखी एक वर्मावर बोट ठेवले. तुमच्यात शिकलेले पुष्कळ आहेत, पण शिकून कोणी शिक्षक होतो, कोणी नर्स, कोणी कारकून, आणि मग तो आपल्याच कामात गुंततो. समाजावरच्या अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

वाचकहो, अठरा वर्षांनी, १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेब हेच बोलले, पण या वेळी समोर आपण होतो. शिकलेल्यांनी आपला अपेक्षाभंग केला, शिकून ते फक्त पोट भरू लागले, हे दुःख त्यांनी भर सभेत सांगितले. सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांना दिलेला इशारा आपल्याही माथी लागला.

आज चित्र काय आहे? कॅम्प पाचच्या झोपड्यांतून, चाळींतून मुले शिकली. ही आनंदाची गोष्ट आहे. कोणी बदलापूरला फ्लॅट घेतला, कोणी डोंबिवलीला, कोणी पुण्याच्या आयटी कंपनीत गेला, कोणी थेट अमेरिकेत. जावे, जरूर जावे. चिखलात राहणे हे काही चळवळीचे व्रत नाही. आमचा सवाल वेगळा आहे. ही माणसे रजेवर गेली आहेत की राजीनामा देऊन? वर्षातून एकदा १४ एप्रिलला निळा फेटा बांधून मिरवणुकीत नाचून गेले म्हणजे परत आले असे होत नाही.

मिस फरार अमेरिकेहून परत आल्या तशा बाबासाहेबही अमेरिकेहून परत आले. तीन वर्षे कोलंबिया विद्यापीठात त्यांना कोणी जात विचारली नाही. पुढे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली ते परतले तेव्हा बडोद्यात डोके टेकायला जागा मिळाली नाही, पारशी वसतिगृहातून हाकलले गेले. एवढी ठोकर बसल्यावर दुसरा कोणी परदेशात कायमचा गेला असता. ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले, उरलेले शिक्षण पुरे केले, १९२३ साली पुन्हा परत आले आणि १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली.

मिशनऱ्याच्या फर्लोतून शिकण्यासारख्या तीन गोष्टी आम्हाला दिसतात. पहिली, निघण्याआधी काम कोणाच्या तरी हाती सोपवावे लागे. आपल्याकडे कार्यकर्ता बदलीवर गेला की विहारातील अभ्यासवर्गाला कुलूप लागते, कारण दुसरी फळी त्याने तयारच केलेली नसते. दुसरी, पैशाचा आणि कामाचा अहवाल पाठवावा लागे. बोस्टनच्या 'मिशनरी हेरॉल्ड' मासिकात नगर-मुंबईच्या कामाचे वृत्तांत छापून येत. आपल्या जयंती मंडळांपैकी किती जण वर्गणीचा हिशेब फळ्यावर लावतात? तिसरी, मायदेशी गेलेला मिशनरी सुट्टीतही गप्प बसत नसे. गावोगावच्या चर्चमध्ये उभा राहून आपल्या कामाविषयी सांगे आणि मदत गोळा करी. आपला साहेब सोसायटीत राहायला गेला की आडनाव सांगायला कचरतो. मग बाबासाहेबांविषयी काय सांगणार?

जे बाहेर गेले त्यांना आमचे सांगणे आहे की, महिन्यातला एक रविवार काढा. ज्या वस्तीतून गेलात तेथल्या विहारात या. दहावीच्या पोरांना गणित शिकवा, पोरींना स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरून द्या, म्हाताऱ्यांची पेन्शनची कागदपत्रे पाहा, शिष्यवृत्तीचे पोर्टल कसे उघडते ते दाखवा. आणि जे वस्तीत राहिले आहेत त्यांनीही येणाऱ्याला 'आता आठवण झाली का?' असे टोमणे मारू नयेत. त्याला सतरंजी द्या, खडू द्या आणि पुढच्या रविवारची वेळ विचारून घ्या.