धनराज पद्धतीत बसत नव्हता, हे ठरवले कोणी?

ऑगस्ट २००४, अथेन्स ऑलिम्पिक. सातव्या-आठव्या क्रमांकाच्या लढतीत भारताने दक्षिण कोरियाला ५-२ ने हरवले. त्या सामन्यात धनराज पिल्लेला मैदानात उतरवले, ते अगदी शेवटची काही मिनिटे उरली असताना. चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळलेल्या या खेळाडूची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली. कारण सांगितले गेले ते असे की, नवे जर्मन प्रशिक्षक गेरहार्ड राच यांच्या पद्धतीत धनराज बसत नव्हता.

हा दावा सरळ फेटाळून लावता येणार नाही. धनराज खडकीचा. बाप दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करणारा, घरात पैशाची चणचण, मोडक्या स्टिकवर शिकलेला खेळ. चेंडू स्टिकला चिकटवून वाऱ्यासारखे धावायचे आणि दोघा-तिघांना चकवायचे, ही त्याची ताकद. युरोपीय पद्धतीत माणसाआधी चेंडू धावतो, प्रत्येकाची जागा आखलेली असते आणि चेंडू गमावताच आघाडीच्या खेळाडूलाही प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडावे लागते. त्यात धनराजचे वय तेव्हा ३६. बदली खेळाडू सतत आत-बाहेर होणाऱ्या या खेळात प्रशिक्षकाने त्याला थोडाच वेळ खेळवायचे ठरवले असेल, तर तो त्याचा अधिकार आहे. भावनेच्या भरात हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण मुद्दा पुढेच आहे. राच आले कधी? ऑलिम्पिक तोंडावर आले असताना राजिंदर सिंग यांना हटवून भारतीय हॉकी महासंघाने त्यांना आणले. एवढ्या थोड्या दिवसांत कोणती पद्धत रुजते? आदल्याच वर्षी, २००३ मध्ये, धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला हरवून आशिया चषक जिंकला होता. जो संघ एका पद्धतीने जिंकत होता, त्याला दुसऱ्या पद्धतीत कोंबायचे आणि मग ज्येष्ठ खेळाडू त्यात बसत नाही म्हणायचे! शिवाय बसत नव्हता तर सोळा जणांत घेतला कशाला? घेतला तर बाकावर कशासाठी?

वकिलीच्या धंद्यात आम्ही एक साधी गोष्ट विचारतो: निर्णय कोणाचा, कारण काय आणि ज्याच्याविरुद्ध निर्णय झाला त्याचे ऐकून घेतले काय? महासंघाच्या कारभारात या तिन्ही प्रश्नांना जागा नव्हती. १९९८ ची आठवण करा. बँकॉकच्या आशियाई खेळांत धनराजच्या संघाने ३२ वर्षांनी सुवर्णपदक आणले. त्यानंतर धनराजसह अनेक ज्येष्ठांना वगळले, प्रशिक्षक एम. के. कौशिक यांनाही घरचा रस्ता दाखवला. कारण काय, तर म्हणे 'विश्रांती'! तेव्हा कोणी जर्मन प्रशिक्षक नव्हता, पद्धतीचा प्रश्नही नव्हता. खेळाडू मानधनाबद्दल, वागणुकीबद्दल तोंड उघडत होते, ही मात्र तेव्हा सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. 'बसत नाही' हा शेरा किती सोयीचा असतो, हे मुलाखतीच्या खोलीतून रिकाम्या हाताने परतलेल्यांना समजावून सांगायला नको.

परदेशी प्रशिक्षकाला माझा विरोध नाही. ग्रॅहम रीड २०१९ मध्ये आले आणि २०२१ मध्ये टोकियोत कांस्य मिळाले. क्रेग फुल्टन २०२३ मध्ये आले आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा कांस्य. त्याच पॅरिसमध्ये श्रीजेश ३६ वर्षांचाच होता. गोलरक्षकाची आघाडीच्या खेळाडूशी तुलना पूर्ण जुळत नाही, हे मान्य. पण दोन्ही प्रशिक्षकांना खेळाडू ओळखायला वेळ मिळाला होता. राच यांना तो दिला गेला नाही आणि त्याची किंमत धनराजने बाकावर बसून मोजली.

२००८ मध्ये भारत बीजिंग ऑलिम्पिकसाठी पात्रच ठरला नाही. तेव्हा संघात धनराज नव्हता आणि राचही नव्हते. महासंघाच्या अध्यक्षपदी मात्र १९९४ पासूनचे के. पी. एस. गिल तेच होते.