ब्रेकची तबकडी

जीपच्या धाटणीची, २,००० किलोग्रॅम वजनाची जुनी मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगात असता थांबविली, तर सुमारे ४ लक्ष ज्यूल ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. तेवढ्यात लिटरभर पाणी उकळू लागेल. या उष्णतेचा मोठा वाटा पुढील चाकांच्या बिडाच्या तबकड्या सोसतात. झिजून किमान जाडीखाली गेलेली तबकडी बदलावीच लागते.

हे काम घरीही साधते. मात्र जॅकखेरीज भक्कम टेकू हवा. हबवर गंजाचा पापुद्रा उरला, तरी नवी तबकडी किंचित तिरपी बसते आणि पुढे पेडल थरथरू लागते. यास्तव तो तारेच्या ब्रशाने खरवडावा. कॅलिपर रबरी नळीला लोंबकळू देऊ नये. नवी तबकडी जाड, म्हणून दट्ट्या मागे रेटावा लागतो. परिणामी पहिल्या दाबास पेडल पोकळच खाली जाते. ते टणक लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावे. तोवर मोटार जागची हलवू नये.