जलसे, मेळे आणि समाजशास्त्राची दृष्टी

राजकारणाचा अभ्यास म्हटला की निवडणुकांचे आकडे, विधिमंडळातील चर्चा, पुढाऱ्यांची भाषणे आणि वृत्तपत्रांतील अग्रलेख डोळ्यांसमोर येतात. परंतु १९२१ च्या जनगणनेनुसार ज्या देशात शंभरांतील जेमतेम सात माणसे साक्षर होती, तेथे अग्रलेख वाचणारे किती असणार? उरलेल्या त्र्याण्णव जणांपर्यंत सार्वजनिक प्रश्न पोहोचले कसे आणि त्यांनी ते समजून घेतले कसे, असा प्रश्न गेल्या अर्धशतकात समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी विचारावयास प्रारंभ केला. महाराष्ट्रापुरते त्याचे उत्तर शोधताना त्यांना तमाशाच्या फडाकडे आणि गणेशोत्सवाच्या मांडवाकडे वळावे लागले.

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. समाजाचे विचार सांगणारी पुस्तके व पत्रे निघाली. पण खेड्यापाड्यांत ते विचार नेले ते मुख्यतः जलशांनी. गेल ऑम्वेट यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवरील आपला ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा या जलशांना त्यांनी चळवळीच्या इतिहासात मानाचे स्थान दिले. तोपर्यंत जलसा हा करमणुकीचा एक गावठी प्रकार म्हणून दोन ओळींत उरकला जात असे.

जलशाची घडण पाहिली म्हणजे त्याचे सामर्थ्य ध्यानात येते. तमाशाचा साचा प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेला होता. आधी गण, मग गौळण, त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग. जलसेकारांनी हा साचा मोडला नाही. त्याच्या आतला मजकूर मात्र बदलला. गणातील गणपती म्हणजे गणांचा, अर्थात लोकांचा पती, असा अर्थ लावला गेला. सोंगाड्याच्या हजरजबाबी प्रश्नांतून भिक्षुकशाही, सावकारी आणि खर्चिक लग्नकार्ये यांची उलटतपासणी होऊ लागली. ढोलकी ऐकून जमलेला शेतकरी व्याख्यान ऐकावयास आलेला नसे, आणि म्हणूनच तो शेवटपर्यंत बसून राही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी हेच माध्यम स्वीकारले. नाशिक भागातील जलसेकार भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलशांची हकीकत १९७८ साली ग्रंथरूपाने लिहून ठेवली. स्वतः कलावंतानेच केलेले असे टिपण दुर्मीळ होय.

मेळ्यांची कथा थोडी वेगळी आहे. १८९३ पासून पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले आणि त्याबरोबर गाणी म्हणत फिरणारे मेळेही आले. रिचर्ड कॅशमन यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात लोकमान्य टिळकांच्या राजकारणात या उत्सवाचे स्थान काय होते, याची चिकित्सा केली. पुढे १९२० नंतरच्या काळात पुण्यात छत्रपती मेळा उभा राहिला आणि एकाच उत्सवात परस्परविरोधी मेळे एकमेकांना गाण्यांतून उत्तरे देऊ लागले. याच वातावरणात १९२५ साली महात्मा फुले यांच्या पुतळ्याचा प्रश्न पुणे नगरपालिकेपुढे आला. मेळ्यांतील गाणी बाजूला ठेवून त्या वादाचा अर्थ लावू गेल्यास तो अपुरा राहतो.

या अभ्यासाला महत्त्वाचे वळण दिले ते शर्मिला रेगे यांनी. सत्यशोधक जलसे व गणेश मेळे यांवरील त्यांचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. लोककला म्हणजे लोकांचा आवाज, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्या आवाजात स्त्रियांचा आवाज कितीसा होता, हे त्यांनी विचारले. दोन्ही पक्षांच्या गाण्यांत समोरच्या जातीतील स्त्रियांची टवाळी होती आणि फडातून नाचणारी स्त्री दूर करणे हीच सुधारणा मानली जात होती. ज्या स्त्रियांच्या कलेवर तमाशा उभा होता, त्यांचे पुढे काय झाले, याची चौकशी सुधारकांनी क्वचितच केली. जलशांविषयी आदर बाळगणाऱ्यांनाही हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही.

शासनसंस्थेचा या साऱ्याशी संबंध दुहेरी आहे. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने सरकारला प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार दिला. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९१० मध्ये बंद झाले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतही मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली. १९४४ मध्ये लालबावटा कलापथक काढणाऱ्या अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासारख्या शाहिरांनी तोच खेळ लोकनाट्य या नावाने लोकांपुढे ठेवला, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफाने मैदाने भरली. पुढे कुटुंबनियोजन आणि अल्पबचत यांच्या प्रचारासाठी शासनालाही कलापथकांचाच आधार घ्यावासा वाटला. वग कोठे संपला आणि उपदेश कोठे सुरू झाला, हे प्रेक्षकाला अचूक कळते, हा धडा त्यातून पुष्कळांना मिळाला असावा.

संशोधकांपुढील खरी अडचण साधनांची आहे. जलशाचा प्रयोग रात्री रंगे आणि पहाटे संपे. लिखित असे मागे फारसे उरत नसे. पोलिसांचे गुप्त अहवाल मात्र सरकारी दप्तरात टिकून राहिले. त्यांतील निवडक कागद मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने म्हणून प्रसिद्ध केले. १८८५ ते १९२० या काळाचा खंड १९५८ मध्ये निघाला. ज्यांनी गाणी बंद केली त्यांच्याच कागदांतून त्या काळातील गाण्यांचा माग काढावा लागतो, असा हा योग आहे. पण अहवाल लिहिणाऱ्याचे कान वरिष्ठांना हवे तेवढेच टिपत. राजद्रोहाचा संशय यावा असे शब्द त्यात सापडतात. लोक कोठे हसले, हे सापडत नाही.

दुसरे साधन म्हणजे स्वस्तात छापलेल्या पदांच्या पुस्तिका. काही ग्रंथालयांत, काही जुन्या कार्यकर्त्यांच्या घरच्या पेट्यांत त्या अजून मिळतात. कागद पिवळा पडून तुकडे होऊ लागलेला असतो. प्रत्येक पदाच्या माथ्यावर चाल दिलेली असते, एखाद्या त्या वेळच्या लोकप्रिय पदाची. पद वाचता येते. ज्या पदाच्या चालीवर ते म्हणावयाचे, ते म्हणून दाखविणारे आता फार थोडे उरले आहेत.