आस, भेग आणि तेलाचा थर

यंत्र मोडले की आपण धातूला दोष देतो. ते वर्षानुवर्षे न कुरकुरता चालले तर मात्र कुणाचीच आठवण काढत नाही. धातू का तुटतो आणि वंगण कसे काम करते, हे मी अभियांत्रिकीत दोन वेगळ्या पुस्तकांतून शिकलो. दोन्ही विद्यांचा मोठा भाग आगगाडीच्या आसानेच शिकवला, हे फार पुढे लक्षात आले.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि दारांना कुलपे असल्याने निदान ५० माणसे आत होरपळून मेली. अंटार्क्टिकाच्या हिमसागरातून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्यूमाँ द्युर्व्हिल त्यांतच बायकोमुलासह गेला.

वापराने लोखंडाचा पोत बदलून ते ठिसूळ होते, अशी तेव्हाची समजूत. स्कॉटलंडच्या रँकिनने १८४३ मध्ये वेगळेच सांगितले. आसाची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक भेग पडते आणि हळूहळू आत सरकते. पुढे प्रशियाच्या व्होलरने प्रयोगांनी सिद्ध केले, की एकदा सहज पेलणारा भारही लाखो वेळा उलटसुलट पडला तर लोखंड तोडतो.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर रेल्वेच्या आसांसाठीच बेअरिंगचे प्रयोग करीत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर तेलच वर येऊ लागले! लाकडी बूच मारले, तेही ढकलले गेले. दाब मोजला तर तो सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक! ऑस्बॉर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये उलगडा केला: फिरणारा आस निमुळत्या फटीत तेल ओढून घेतो आणि त्या थरावर तरंगतो. धातू धातूला शिवतच नाही. फिरणे थांबले की थर विरतो; म्हणून झीज अधिक होते ती यंत्र सुरू होताना आणि थांबताना.

भेग डोळ्यांना दिसत नाही आणि थरही दिसत नाही. माझ्या मते देखभालीचे दुखणे इथेच आहे. आज आसातली भेग श्राव्यातीत ध्वनिलहरींनी शोधता येते. पण तपासणीला वेळ लागतो, वंगणाला पैसे लागतात, आणि खर्चात काटछाट करायची म्हटली की पहिली कात्री लागते ती याच दोन रकमांना. हिशेबाच्या वहीत ती बचत दिसते. भेग मात्र त्या वहीत कुठेच नोंदलेली नसते.